तीनशे दोन नंबरचं पान

आमच्या मैत्रेय सोसायटीच्या मागे समुद्र आहे, हे मला संजनाच्या वहीतून कळलं.

शाळेनं सुटीत 'माझा परिसर' हा प्रकल्प दिला होता. संजना आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली, सहावीत जाणारी, चुणचुणीत मुलगी. मोबाईलवर जे पहिलं दिसलं ते तिनं वळणदार अक्षरात उतरवून काढलं होतं. 'माझ्या घरामागे निळाशार समुद्र आहे. पहाटे कोळी बांधव होड्या घेऊन निघतात.' नाशकात, पाथर्डी फाट्याजवळ! आमच्या मागे टायरला रबर चढवायचं दुकान आहे आणि त्याच्या मागे कोथिंबिरीचं शेत. मी विचारलं, "तू इथं समुद्र बघितलास का गं कधी?" ती म्हणाली, "नाही काका, पण त्यात तसंच दिलंय."

त्यात तसंच दिलंय! चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळायच्या खोलीत काढली. 'यात तसंच दिलंय' असं म्हणत येणाऱ्या माणसांना 'ठीक आहे, आता दुसरा कागद दाखवा' असं सांगणं, एवढंच माझं काम. एका कागदावर मी बापाचंही नाव मान्य केलं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात मला कुणी दुसरा कागद दाखवत नव्हतं. बायको म्हणायची भाजी संपलीय, की संपलेली असायची. अशा माणसाच्या हातात संजनाची वही पडली.

मी दुसऱ्याच दिवशी वर्ग काढला. संध्याकाळी पाच वाजता, पार्किंगमध्ये, मुलं पाच. नियम एकच. कोणतीही गोष्ट तीन ठिकाणांहून मिळवायची. एक कुणीतरी सांगितलेली, एक कुठंतरी लिहिलेली आणि एक आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. तिन्ही शेजारी शेजारी मांडायच्या, जुळतात का बघायचं आणि मग आपल्या शब्दांत एक वाक्य लिहायचं. पुस्तकात याला स्रोत म्हणतात. मुलांना हा शब्द इतका आवडला की दहा वर्षांचा योगेश आईला म्हणाला, जेवण झालंय याचे स्रोत दे.

शेजाऱ्यांचे सल्ले अर्थातच आले. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, त्यापेक्षा पाढे घ्या. अध्यक्ष म्हणाले, सुटीत योगासनं घ्यावीत, मी स्वतः रोज पाच किलोमीटर चालतो. आमची वत्सला म्हणाली, "अहो, पोरांना खेळू द्या की." तिचा सल्ला सगळ्यांत लहान होता म्हणून मी तो सगळ्यांत आधी बाजूला ठेवला. आज वाटतं, तेवढा एक ऐकला असता तर.

पहिला प्रश्न सोपा दिला. पाण्याची टाकी कधी बांधली? आजींनी सांगितलं, नातवाच्या बारशाच्या वर्षी. सभेच्या इतिवृत्तात आणखी एक वर्ष निघालं. आणि योगेशनं गच्चीवर चढून पाहिलं तर टाकीवर तिसरंच साल कोरलेलं. मुलांचे डोळे असे चमकले! मोठी माणसं चुकतात, हे त्यांना पहिल्यांदाच पुराव्यानिशी कळलं. मी इथंच सावध व्हायला हवं होतं. पण मी खूश होतो. मी पुढचा प्रकल्प दिला: एक घर घ्या, तीन स्रोत मिळवा, एक पान लिहा.

इथं मला माझी एक खाजगी गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही.

मला साखर आहे.

दीड वर्षापूर्वी निघाली. दुसरा कुणी असता तर त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं. पण त्याच्या पंधराच दिवस आधी मी ज्येष्ठ नागरिक संघात 'साठीनंतरही ठणठणीत' या विषयावर भाषण केलं होतं. 'साखर ही आळशी माणसाला होते' असं त्यात एक वाक्य होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या रांगेत वत्सला बसली होती. तिच्या शेजारी तिचा भाऊ. त्याला बारा वर्षांची साखर. तो त्या दिवसापासून आमच्या घरी आलेला नाही. आता मी वत्सलासमोर कोणत्या तोंडानं उभा राहणार?

मग मी तिसऱ्या मजल्यावर, ३०२ मध्ये, नवनाथकडे गेलो. नवनाथ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, माझा वीस वर्षांचा शेजारी आणि माझ्या आयुष्यातला बहुधा एकुलता मित्र. घरात तो, वहिनी आणि मुलगी योगिनी. ती सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. मी त्या तिघांना सगळं सांगितलं आणि शब्द घेतला. त्या दिवसापासून माझं इन्सुलिन त्यांच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात. सकाळी सात वाजता मी 'नवनाथकडे पेपर वाचायला' म्हणून वर जायचो आणि पोटात सुई टोचून खाली यायचो. दर सोमवारी लॅबचा माणूस रक्त न्यायला यायचा तोही ३०२ मध्येच. माझा मोबाईल वत्सला बघते, म्हणून रिपोर्ट योगिनीच्या नंबरावर. ती आकडा चिठ्ठीवर लिहून पेपरात घालून ठेवायची. 'काका, दोनशे दहा. बारशाला गेला होतात ना?' पोटच्या पोरीनं काय केलं असतं याहून जास्त?

तर मुलांनी घरं वाटून घेतली आणि पानं लिहायला लागली.

पहिलं वादळ अध्यक्षांच्या पानावरून झालं. सांगितलेलं: अध्यक्ष रोज पाच किलोमीटर चालतात (स्वतः अध्यक्ष). लिहिलेलं: बाहेर सहा पाच, आत सहा वीस (गेटवरची वही). पाहिलेलं: कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे. वाक्य: 'अध्यक्ष रोज पोह्यांपर्यंत चालतात.' दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की लहान मुलांना गेटवरची वही पाहण्यास मनाई आहे.

त्या वहीचा दोषही माझाच. आमचा वॉचमन बहिरू पेठकडचा, साधा माणूस. त्याला 'आलेलं गेलेलं सगळं लिहावं, वेळेसकट' हे मीच शिकवलं होतं. तो आता इतका लिहायचा की पोस्टमनला पाणी दिलं तेही लिहायचा. नोटीस लागल्यावर तो मला म्हणाला, "काका, मी लिव्हायचा बंद करू का? लिव्हला तर अध्यक्ष रागवतात, नाय लिव्हला तर तुमी रागवता." मी म्हणालो, लिहीत राहा. आणि मी अर्ज केला. 'विषय: शैक्षणिक प्रयोजनार्थ नोंदवही अवलोकनाची परवानगी मिळणेबाबत.' अध्यक्षांनी तो सचिवांकडे पाठवला. सचिव म्हणाले, कमिटीपुढे ठेवावा लागेल. कमिटीच्या दिवशी क्रिकेटचा सामना होता, त्यामुळे सातपैकी दोनच जण आले. शेवटी सचिवांनी जिन्यात सही केली, पण खाली एक ओळ माझ्याकडून लिहून घेतली: 'होणाऱ्या परिणामांस मी व्यक्तिशः जबाबदार राहीन.' आख्ख्या नोकरीत मी असल्या ओळीखाली कधी सही केली नव्हती. या वेळी केली, तीही लफ्फेदार.

त्यानंतरच्या गुरुवारी सव्वापाचच्या सुमाराला गेटमधून एक गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, सफारी, हातात डायरी. वर्गाजवळ घुटमळले. "काय शिकवताय?" म्हणाले.

आता बघा, स्थळाची चौकशी करायला येणारा माणूस कधी तसं सांगत नाही. तो पत्ता चुकल्यासारखं करतो, किराणा दुकानात काडेपेटी घेतो आणि काडेपेटी घेता घेता मुलीचा स्वभाव विचारतो. मला हे माहीत नाही असं नाही. भाचीच्या वेळी मी स्वतः सिन्नरला सात काडेपेट्या घेतल्या होत्या. पण या गृहस्थांच्या हातात डायरी होती. डायरीवाला माणूस म्हणजे अधिकारी, हे माझ्या रक्तात भिनलेलं. शिक्षण खात्यातून कुणी माझा उपक्रम पाहायला आलंय, असं मी सरळ धरून चाललो. मी खुर्ची दिली. तीन स्रोतांची पद्धत समजावली. ते म्हणाले, "वा सर, असं काम कुणी करत नाही."

सर! चौतीस वर्षांत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "विचारा, मुलांना काहीही विचारा."

त्यांनी डायरी उघडली. "तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?"

संजना उभी राहिली. तिनं वही उघडली, घसा साफ केला आणि ३०२ नंबरचं पान वाचलं. ते पान मी अजून तपासलं नव्हतं.

"सांगितलेलं: स्वयंपाक करणाऱ्या लताबाई म्हणाल्या, 'योगिनीताईनं गोड लय दिस झालं सोडलंय. चहा बी बिनसाखरेचा पिती.' लिहिलेलं: दर सोमवारी सात वाजता लॅबवाला रक्त न्यायला ३०२ मध्ये येतो, गेटवरची वही. पाहिलेलं: त्यांच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची पेटी आहे. योगेशच्या आजीची तशीच आहे, म्हणून त्यानं ओळखली. नवनाथकाका चहात तीन चमचे साखर घेतात आणि काकू वाटीभर शिरा खातात, म्हणून ते दोघं नाहीत. वाक्य: योगिनीताईंना साखरेचा आजार आहे."

माझी आख्खी चोरी तिथं वहीत मांडलेली होती. लॅबवाला माझा, पेटी माझी. योगिनीनं गोड सोडलं होतं ते येवल्याहून आणलेल्या पैठणीचं ब्लाउज बसावं म्हणून. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि वाक्य साफ खोटं होतं.

आणि मग, आता सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. कुणालाही माझा संशय आला नव्हता.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "हे बरोबर आहे का सर?"

मी 'हो' म्हणालो नाही. सरकारी माणूस कधी सरळ हो म्हणत नाही. मी म्हणालो, "तिन्ही स्रोत जुळतायत." आणि संजनाच्या हातातून वही घेऊन त्या पानावर लाल शाईनं दहापैकी दहा दिले.

गृहस्थांनी डायरीत काहीतरी टिपलं, चहा नको म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी संध्याकाळी नवनाथ खाली आला. वत्सलानं चहा ठेवला. तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मनमाडच्यांनी नाही म्हणून कळवलं." योगिनीसाठी मनमाडचं एक स्थळ बघून झालं होतं. मुलगा राकेश, रेल्वेत. पसंतीपर्यंत आलं होतं, पण ठरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणून त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. "काल मुलाचे मामा चौकशीला येऊन गेले म्हणे, मल्हारीमामा. सफारीवाले. त्यांना इथं असं कळलं, की मुलीला साखर आहे."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. आवाज चढवला नाही की काही नाही. वत्सला कप घेऊन तिथंच उभी होती. "अगंबाई, योगिनीला? एवढ्याशा वयात?"

एक वाक्य होतं. 'तिला नाही, मला आहे.' मी शिकवलेल्या मुलांनीसुद्धा याहून मोठी वाक्यं लिहिली होती. वत्सला माझ्या तोंडाकडे बघत होती, नवनाथ बघत होता आणि मला ते भाषण आठवलं, त्या टाळ्या आठवल्या, मेव्हण्याचा पडलेला चेहरा आठवला.

मी म्हणालो, "हल्ली लहान वयातही होते."

नवनाथनं चहा संपवला. कप खाली ठेवला. मला वाटलं आता तो बोलणार. त्यानं वत्सलाला "येतो वहिनी" म्हटलं आणि जिना चढून वर गेला. त्यानं शब्द दिला होता आणि तो त्यानं पाळला. मी त्याच्या जागी असतो तर पाळला नसता.

शनिवारी सकाळी मी पेपर वाचायला वर गेलो नाही. गेलोच नाही, त्यामुळे इन्सुलिनही घेतलं नाही. दिवसभर तोंड कोरडं पडत होतं. मनात हिशोब लावत होतो, की मामांना निनावी पत्र टाकावं का, की 'माहितीत तफावत आढळते' असं मोघम कळवावं. शासकीय भाषेत पळवाटा फार चांगल्या असतात. एकही लिहून झाली नाही.

रविवारी सकाळी वत्सला टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. मी विचारलं. ती म्हणाली, "दादाला फोन करून पथ्याचा कागद मागवला. योगिनीला देते. पोरीनं आत्तापासून धरलं तर त्रास कमी होईल." माझ्यावर रुसलेल्या भावाला तिनं दीड वर्षानं फोन केला होता, तो शेजारच्या मुलीसाठी. 'बटाटा टाळावा' असं सुंदर अक्षरात लिहून ती त्याखाली रेघ मारत होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. फ्रिज, लॅब, पेपर, सगळं.

वत्सलानं पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "साखर आहे, तर आहे," ती म्हणाली. "त्याचं मी बघते. पण परवा नवनाथभाऊ इथं बसले होते. मी त्या पोरीला आजारी म्हणत होते. तुम्ही ऐकत होतात." मग ती म्हणाली, "उद्याची मनमाडची पहिली गाडी किती वाजता आहे बघा."

पुरावा म्हणून माझे रिपोर्ट हवे होते. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तो सांगा." मी म्हणालो, "अगं, रक्त माझं आहे." ती म्हणाली, "रक्त तुमचं असेल, पण ओटीपीशिवाय प्रिंट निघत नाही. नंबर बदलायचा तर अर्ज करा, आधारची झेरॉक्स जोडा, तीन दिवस लागतील." लोकांना असंच सांगत मी चौतीस वर्षं काढली होती, तेव्हा मला रागावायचा अधिकार नव्हता. मी योगिनीला मेसेज केला. लिहिलं, 'बेटा, ओटीपी हवा होता.' लगेच सहा आकडे आले. फक्त सहा आकडे. एरवी ती एक वाक्य तरी लिहायची.

सोमवारी मी मनमाडला पत्ता विचारत मल्हारीमामांच्या क्वार्टरमध्ये पोचलो. मामांनी बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि आत सांगितलं, "सरांचा चहा बिनसाखरेचा आणा." म्हणजे मी काय सांगितलं ते त्यांना कळलं होतं. रिपोर्ट त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचले.

"नाव तुमचं आहे," ते म्हणाले. "मोबाईल मुलीचा. पत्ता मुलीच्या घरचा. मग सर, तुम्हीच सांगा, जुळतंय का हे?"

"नंबर मी बायकोपासून लपवायला दिला होता," मी म्हणालो.

"ते असेल. पण जो माणूस बायकोपासून दीड वर्ष लपवतो, तो आमच्याशी आज खरं बोलतोय हे आम्ही कशावरून धरायचं? पोरांनी लिहिलं होतं, पोरं कशाला खोटं लिहितील? तुम्ही स्वतः दहापैकी दहा दिले. मी बघत होतो ना."

मी मान खाली घातली. माझा अपमान होत होता आणि तो अगदी माझ्याच पद्धतीनं होत होता. मामा तसे वाईट नव्हते. चहा आल्यावर त्यांचा आवाज उतरला. "हे बघा, आता बोलून फायदा नाही. आमच्याकडं दोन ठिकाणी चाललं होतं, नाशिक आणि येवला. शनिवार संध्याकाळपर्यंत मी येवल्याला काही कळवलं नव्हतं. पोरगा आमचा म्हणत होता, दोन दिवस थांबा, दोन दिवस थांबा. का, ते काही सांगेना. शेवटी किती थांबणार? काल सुपारी फुटली. शनिवारी आला असता सर, तर गोष्ट वेगळी होती."

गाडीत परत येताना लासलगावच्या आसपास माझ्या लक्षात आलं, की शनिवारी दिवसभर मी शासकीय भाषा सुचते का बघत बसलो होतो.

मंगळवारी संजना वही घेऊन आली. बातमी तोवर मजल्यामजल्यावर पोचली होती. ती उभीच राहिली. "काका, माझं वाक्य चुकीचं होतं?"

"हो."

"पण तिन्ही स्रोत खरे होते."

"खरे होते गं. जोडताना चुकलं. पेटी त्यांच्या घरात होती, पण त्यांची होती की दुसऱ्या कुणाची, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं."

"कुणाला?"

"योगिनीताईला. नाहीतर मला."

ती विचार करत होती. ही पोर विचार करते तेव्हा तिचा ओठ एका बाजूला जातो. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का, की माझं चुकलंय?"

मी हो म्हणालो. या वेळी सरळ म्हणालो.

तिनं वही पुढं केली. "मग ते दहा खोडा." मी खोडले. तिनं आजवर मिळवलेल्या मार्कांपैकी हेच तिला सगळ्यांत आवडले होते, असं तिची आई नंतर वत्सलाला सांगत होती. वर्ग त्या दिवशी झाला नाही आणि पुढेही भरला नाही. मुलं आता पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात. बहिरू मात्र अजून सगळं लिहितो.

नवनाथ माझ्याशी बोलतो. भेटला की 'काय भाऊ' म्हणतो, पाण्याचा टँकर आला का विचारतो. वर ये म्हणत नाही. वत्सला मला कारल्याचा रस देते आणि मेव्हणा तिला फोनवर रोज माझी खुशाली विचारतो, त्या खुशालीत थोडी मजाही असते. ते सगळं मला चालतं. मी त्याच लायकीचा आहे.

योगिनी मला आठवड्यानं भेटली. सकाळी नऊच्या सुमाराला ती स्कूटर काढत होती. मी सात दिवस मनात वाक्यं जुळवली होती. म्हणालो, "योगिनी, होऊ नये ते झालं. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यासारख्या मुलीला स्थळांची काय कमी? मी स्वतः चार ठिकाणी बोलतो. एक जाऊन दहा येतील."

तिनं हेल्मेट हातात धरलं होतं, ते घातलं नाही. "काका, तुम्ही स्थळ म्हणताय. मला राकेश आवडला होता. आम्ही महिनाभर रोज बोलत होतो."

मला हे माहीत नव्हतं. सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. नवनाथलाही बहुतेक नव्हतं.

"मग त्यानं तुला विचारायचं ना, एकदा तरी!" मी जरा रागानंच म्हणालो. कुणावर तरी रागावायला मिळालं म्हणून मला बरं वाटत होतं.

"विचारलं ना. शुक्रवारीच फोन आला त्याचा. मी म्हटलं, मला नाहीये साखर. आणि असती तरी काय रे? तो म्हणाला, असती तरी चालेल, पण मामा विचारतील, मग ते औषध कुणाचं, ते सांग." तिनं हेल्मेटचा पट्टा सरळ केला. "ते मी नाही सांगितलं. आम्ही तिघांनी तुम्हाला शब्द दिला होता. मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. ज्याचं आहे तो स्वतः येऊन सांगेल, मी ओळखते त्यांना."

पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती. मला दुसरीकडे बघावंसं वाटत होतं, पण बघता येईना.

"माझं चुकलं, योगिनी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. मग तिनं हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली आणि बँकेत गेली.